इंजिन बदलण्यापूर्वीं

मोटारीचें इंजिन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें सिलिंडरांत वरखालीं धांवणारे दट्टे उभे राहतात. प्रत्येक फेऱ्यांत ह्या दट्ट्यांना दोनदां थांबून दिशा बदलावी लागते. त्याऐवजीं जात्याप्रमाणें मुळापासूनच गोल फिरणारें इंजिन कां करूं नये, ह्या प्रश्नाचा पाठपुरावा जर्मनींतील फेलिक्स वांकेल ह्यांनीं केला, आणि १९५७ सालीं एनएसयू कंपनींत अशा जातीचें पहिलें इंजिन चाललें. त्याचा परवाना हिरोशिमा येथील माझदा कंपनीनें घेतला. केनिची यामामोतो व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्यांतील दोष चिकाटीनें दूर केले, १९६७ सालीं कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारांत आली, आणि १९९१ सालीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत माझदानें ह्याच जातीच्या इंजिनावर जिंकली.

आज आपण ह्या इंजिनाच्या एका निराळ्या उपयोगाचा विचार करणार आहों. जपानांतील घाटरस्त्यांवर वाढलेला ‘ड्रिफ्ट’ नांवाचा एक खेळ आहे. त्यांत गाडीचीं मागचीं चाकें मुद्दाम घसरवून तिला वळणावरून तिरपी नेतात, आणि गुण मिळतात ते घसरण्याच्या कोनाला, वेगाला व डौलाला. २००३ सालीं जपानच्या डी-वन ग्रां प्री मालिकेचें अजिंक्यपद योइची इमामुरा ह्यांनीं माझदाची आरएक्स-७ चालवून मिळविलें. त्या गाडींतील इंजिनास १३बी असें नांव आहे. ती गाडी २००२ सालींच बनविणें बंद झाल्यामुळें कांहीं हौशी लोक हें इंजिन दुसऱ्या गाडींत बसवितात. माझदाचीच १९८९ सालची एमएक्स-५ त्यासाठीं सोईची आहे. ती हलकी असून तिचीं मागचीं चाकें चालतीं आहेत. परंतु ही योजना कागदावर मांडतांना बहुतेकांची लेखणी प्रथम अश्वशक्तीचा आंकडा लिहिते. माझें सांगणें असें कीं, प्रथम उष्णतेचा हिशेब मांडावा. शक्तीचा आंकडा त्यांतून आपोआप निघेल.

असें कां, हें कळण्यासाठीं इंजिनाच्या आंत डोकावलें पाहिजे. मध्यें किंचित् आवळलेली लांबट पोकळी, आणि तींत फिरणारा फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर. रोटराचे तिन्ही कोंपरे भिंतीला नेहमीं चिकटून असल्यामुळें तीन कप्पे पडतात. रोटर फिरूं लागला कीं प्रत्येक कप्पा लहानमोठा होतो, आणि हवा ओढणें, दाबणें, इंधन जाळणें व धूर बाहेर टाकणें हीं चारही कामें झडपांवांचून पार पडतात. १३बी इंजिनांत असे दोन रोटर असतात. प्रत्येकाच्या कप्प्याचें आकारमान ६५४ घनसेंटिमीटर, म्हणजे एकूण १३०८. रोटराच्या एका फेऱ्यांत मधला दांडा तीन फेरे घेतो, आणि दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटराकडून एक धक्का मिळतो. नेहमींच्या इंजिनांत एका सिलिंडराचा धक्का दोन फेऱ्यांनीं एकदां येतो. म्हणूनच हें एवढेंसें यंत्र आपल्या दुप्पट आकाराच्या इंजिनाचें काम करतें.

ह्या गुणाची किंमत उष्णतेनें मोजावी लागते. जळण्याची जागा लांब व चपटी असल्यामुळें भिंतींकडे पुष्कळ उष्णता जाते, आणि बाहेर पडणारा धूरहि अतिशय तापलेला असतो. हा धूर वायां जाऊं न देतां त्यावर एक लहान चक्र फिरवावयाचें, आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें आंत येणारी हवा दाबावयाची, ह्याला टर्बोचार्जर म्हणतात. रोटरी इंजिनाचा धूर मुळांतच जोरकस असल्यामुळें ही जोडी छान जमते. मात्र दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेला इंधन कमी पडलें तर मिश्रण क्रमाक्रमानें न जळतां एकदम भडकतें. रोटराच्या कोंपऱ्यांवर हवा अडवून धरणाऱ्या अरुंद पट्ट्या असतात. दोन रोटरांच्या मिळून सहा. अशा भडक्यानें त्यांतील एक पट्टी तडकली कीं त्या रोटराचा दाब गेला. आणि तिचा तुकडा धुराबरोबर बाहेर पडून टर्बोचार्जराच्या चक्राचाहि घात करतो. ह्या साऱ्यास क्षणभराचा वेळ पुरतो.

दुसरा धोका पाण्याचा. हें इंजिन एकसंध नाहीं. लोखंडी पाट व अॅल्युमिनियमचीं कवचें एकाआड एक रचून, आरपार जाणाऱ्या लांब बोल्टांनीं तीं आवळलेलीं असतात, आणि त्यांच्यामध्यें पाणी अडविणाऱ्या रबरी कड्या असतात. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाहून अधिक फुगतें. एकदां इंजिन अतिशय तापलें कीं ह्या कड्यांची पकड जाते व पाणी आंत शिरतें.

आतां ड्रिफ्टची अडचण लक्षांत येईल. नेहमींच्या शर्यतींत गाडीचें नाक वाऱ्यासमोर असतें. येथें गाडी तिरपी चालते, म्हणून वारा रेडिएटरवर सरळ येत नाहीं, आणि इंजिन तर अखंड वरच्या गतींत असतें. म्हणून खर्चाचा पहिला वांटा थंडाव्याला द्यावा. रेडिएटर व दाबलेली हवा निवविणारा इंटरकूलर एकामागें एक न ठेवतां तिरपे समोरासमोर बसवावे, व प्रत्येकाला वाऱ्याची स्वतंत्र वाट पत्र्यानें बांधून द्यावी. रोटर आंतून निवतात ते तेलानें. म्हणून तेलाचा कूलरहि मोठा असावा. ह्या इंजिनांत पट्ट्यांना वंगण मिळावें म्हणून थोडें तेल मुद्दामच जाळलें जातें. तो दोष नव्हे. मात्र तेलाची पातळी वरचेवर पाहिली पाहिजे.

दुसरा वांटा इंधन व नियंत्रण ह्यांचा. मोठा पंप, मोठे इंजेक्टर, इंधनाचें प्रमाण क्षणोक्षणीं मोजणारें साधन, आणि तें प्रमाण बिघडतांच दाब उतरविणारा नियंत्रक, हीं चैनीचीं साधनें नव्हेत. जुनें इंजिन घेतांना प्रत्येक रोटराच्या तिन्ही बाजूंचा दाब निरनिराळा मोजून घ्यावा; साधें दाबमापक केवळ सर्वांत चांगल्या बाजूचा आंकडा दाखवितें आणि दुबळी बाजू लपून राहते.

तिसरा वांटा जागेचा व सांध्यांचा. १३बी आंखूड व बुटकें असल्यानें मागें सरकवून बसवितां येतें व गाडीचा तोल सांभाळला जातो. परंतु हवा घेण्याची व धूर टाकण्याची वाट एकाच अंगास आहे. सुकाणूचा दांडा त्याच बाजूस आला तर टर्बोचार्जराची धग त्याला लागणार नाहीं अशी आडभिंत हवी. एमएक्स-५ मध्यें गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत अॅल्युमिनियमची एक चौकट जाते. गिअरबॉक्स बदलला कीं ती निघते, आणि डिफरन्शिअलला नवा आधार बांधावा लागतो. मूळ १६०० घनसेंटिमीटरच्या इंजिनाची शक्ति जेमतेम १२० अश्वशक्ति. तिच्यासाठीं घडविलेलें डिफरन्शिअल क्लचचे झटके सोसणार नाहीं, हें आधींच गृहीत धरावें.

हे तीन वांटे झाल्यावर शक्तीचा आंकडा लिहावा. १९९९ नंतरच्या आरएक्स-७ च्या कांहीं प्रकारांत हें इंजिन २८० अश्वशक्ति देत असे, तेंहि दोन लहान टर्बोचार्जर क्रमाक्रमानें कामास लावून. इंजिन बदलतांना बहुधा त्यांच्या नळ्यांचें जाळें काढून एकच मोठा टर्बोचार्जर लावतात. तो फार मोठा असल्यास शक्ति उशिरां व एकाएकीं येते. एमएक्स-५ च्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर अवघें २२६५ मिलिमीटर आहे. अशी आंखूड गाडी क्षणांत गिरकी घेते. तिच्या चालकाला लवकर व सावकाश चढणारी ३०० अश्वशक्ति ५०० पेक्षां अधिक उपयोगी पडते. मोठा आंकडा मित्रमंडळींत सांगण्यास बरा; पण दिवसभर बंदिस्त मैदानावर खेळून संध्याकाळीं स्वतःच्या चाकांवर घरीं परतणारी गाडी ज्याला हवी, त्यानें आधीं थंडाव्याचें अंदाजपत्रक करावें.