नियत नेक आहे, रोजकीर्द कुठे आहे?

अक्कलकुव्याचे नाव महाराष्ट्रात दोन कारणांनी घेतले जाते. एक, सातपुड्याच्या कुशीतला आदिवासी तालुका म्हणून, आणि दुसरे, जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममुळे. १९७९ मध्ये मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी येथे मदरसा काढला तेव्हा सहा विद्यार्थी आणि एक उस्ताद एवढाच संसार होता. आज त्याच गावात हिफ्ज आणि आलिमच्या वर्गांबरोबर युनानी वैद्यकीय महाविद्यालय आहे, फार्मसी कॉलेज आहे. तिकडे जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वरुडीला एमबीबीएसचे मेडिकल कॉलेज उभे आहे.

जानेवारी २०११ मध्ये देवबंदच्या मजलिस-ए-शूराने वस्तानवी साहेबांना दारुल उलूमचे मोहतमिम निवडले, तेव्हा वर्तमानपत्रांनी एक गोष्ट ठळक छापली होती: हे मौलाना एमबीए आहेत. जुलैमध्ये ते पद गेले. त्या वादाचे गुऱ्हाळ इथे नको. पण आलिमच्या नावापुढे एमबीए पाहून लोकांना नवल वाटले, या नवलाचेच मला नवल वाटले. शेकडो माणसांचे पगार, हजारो मुलांचे जेवण, दूरदूरच्या लोकांचा चंदा आणि सरकारी खात्यांच्या परवानग्या हे सारे सांभाळणाऱ्याला व्यवस्थापन शिकावे लागणार नाही, तर कोणाला लागणार?

४ मे २०२५ रोजी मौलानांचा इंतकाल झाला. एवढी मोठी संस्था उभारणारा माणूस एका पिढीत एखादाच निघतो, हे मान्य. पण आपल्या जिल्ह्यात छोट्या संस्था कितीतरी आहेत. मशिदीची जमात, उर्दू शाळेची सोसायटी, कब्रस्तानची कमिटी, एखादे वाचनालय, लग्नाचा हॉल. त्या चालवणारी माणसे इमानदार आहेत, वेळ देतात, प्रसंगी खिशातले घालतात. एक मात्र त्यांना कोणी शिकवलेले नसते, आणि ते म्हणजे संस्था चालवायची कशी.

शिकवले नाही की काय होते, त्याचे एक उदाहरण देते. संस्थेचे नाव सांगत नाही. तिचे जुने सेक्रेटरी वारले. त्याआधी दोन विश्वस्त वारले होते. प्रत्येक वेळी कमिटीने नवा माणूस घेतला, मिठाई वाटली, फातिहा पढली. पण धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट कोणी दिला नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत तो द्यावा लागतो. शेवटी बँकेने नव्या सेक्रेटरींची सही घेतली नाही. खाते आपले, पैसे आपले, पण कागदावरचे मालक मयत! त्या खात्यात बाहेरगावच्या मुलींच्या राहण्याच्या सोयीसाठी जमवलेली रक्कम होती. कागद दुरुस्त व्हायला दोन वर्षे गेली. तेवढ्यात आठवी पास झालेल्या काही मुली नववीला बसल्याच नाहीत. त्यांच्या आईबापांना चेंज रिपोर्ट हा शब्द आजही माहीत नसेल.

यात कोणाची नियत वाईट नव्हती, आणि म्हणूनच हे जास्त टोचते.

संस्था चालवणे हा रीतसर शिकण्याचा विषय आहे, हे या देशात पहिल्यांदा उमगले ते मुंबईच्या नागपाड्यात, म्हणजे आपल्याच वस्तीत. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन पाद्र्यांनी तेथे नेबरहूड हाऊस काढले होते. गरीब वस्तीत काम करताना त्यांना दिसले की दयेला तालमीची जोड हवी. त्यातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशाने समाजकार्याचे पहिले पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. तीच आजची टाटा समाज विज्ञान संस्था, जिला सगळे 'टिस' म्हणतात. दुसरे उदाहरण आपल्याला रेल्वेने जवळ आहे. ज्या १९७९ मध्ये अक्कलकुव्याचा मदरसा निघाला, त्याच वर्षी गुजरातेत आणंदला डॉ. वर्गीस कुरियन यांनी 'इर्मा' ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली. कारण साधे होते. दूध शेतकऱ्याचे आणि डेअरी शेतकऱ्याची, मग ती चालवणारा मॅनेजर खाजगी कंपनीच्या मॅनेजरपेक्षा कमी शिकलेला का असावा?

या अभ्यासक्रमांत शिकवतात तरी काय? संचालक मंडळाने धोरण ठरवायचे आणि रोजच्या कामात लुडबूड करायची नाही. देणगी कोणत्या कामासाठी आली ते लिहून ठेवायचे आणि त्याच कामाला लावायची. नेतृत्वाची दुसरी फळी वेळेत तयार करायची. कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र द्यायचे. ऐकायला मोठे शब्द आहेत, पण यातले निम्मे आपल्या घरचेच आहे. मदरशाची रसीद पाहा. तिच्यावर जकात, सदका, लिल्लाह असे रकाने वेगळे असतात. जकातीचे पैसे इमारतीला लावायचे नाहीत, हे चंदा गोळा करणाऱ्या अल्पशिक्षित सफीरलाही ठाऊक असते. मॅनेजमेंटच्या वर्गात ठरावीक कामासाठी राखून ठेवलेल्या निधीवर जे तासभर व्याख्यान होते, ते हेच. देवबंदचे संस्थापक मौलाना कासिम नानौतवी यांनी मदरशासाठी आठ उसूल लिहून ठेवले. चंदा सामान्य माणसांकडून यावा आणि मोहतमिमने शूराचा सल्ला घ्यावा, ही सूत्रे त्यांतच आहेत. घटना, कार्यकारिणी, उत्तरदायित्व म्हणतात ते यापेक्षा वेगळे नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलची सूरह बकरहची आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, हे तर आपण मुलांना शिकवतोच. मग कमिटीच्या मीटिंगमध्ये "हिशेब मागता, म्हणजे आमच्यावर शक आहे का?" हा प्रश्न येतो कुठून?

तो येतो, कारण आपण हिशेबाला माणसाच्या इज्जतीशी बांधून टाकले आहे. प्रशिक्षणाने ही गाठ सुटते. रोजकीर्द, खतावणी, व्हाउचर, प्रोसिडिंग बुक, वर्षाचे ऑडिट ही रीत झाली, की कोणाला काही मागावेच लागत नाही.

पूर्वी ढिलाई खपत होती, आता खपत नाही. इन्कम टॅक्सची १२ए नोंदणी एकदा केली की कायमची, असे आपण धरून चाललो होतो. २०२१ पासून ती सर्वांना नव्याने करावी लागली आणि आता तिला मुदत असते. ८०जीची सवलत हवी असेल तर देणगीदाराने दोन हजारांपेक्षा जास्त रोख देऊन चालत नाही. परदेशी देणगीचा कायदा २०२० मध्ये इतका कडक झाला की नावाजलेल्या संस्थांच्याही नोंदण्या गेल्या. वक्फच्या नव्या कायद्याबद्दल आपली मते काहीही असोत, जून २०२५ मध्ये उम्मीद पोर्टल सुरू झाले आणि मुतवल्लींना मालमत्तेचे कागद चढवायला सहा महिन्यांची मुदत दिली गेली. कागद शोधायची वेळ आल्यावर कळते की सातबारा कोणाच्या पेटीत आहे ते सांगणारे बुजुर्गच हयात नाहीत.

संस्था माणसापेक्षा जास्त जगू शकते. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी काढली. तिने नुकतीच दीडशे वर्षे पूर्ण केली. अध्यक्ष आले, गेले, अंजुमन चालू राहिली.

आता शिकायचे कुठे? टिस मुंबईत आहे, तिचा एक परिसर धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला आहे. इर्मासारख्या ठिकाणी फी लाखांत जाते, ते प्रत्येक घराला झेपणारे नाही. पण उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत समाजकार्य महाविद्यालये आहेत. बारावीनंतर बीएसडब्ल्यू होते, आणि कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांत एमएसडब्ल्यू. नोकरी करणाऱ्याला इग्नूमधून घरबसल्या एमएसडब्ल्यू करता येते. पन्नाशीच्या सेक्रेटरींना पदवी नको असेल, तर गावातल्या सीएंना गाठून कमिटीने दोन रविवार बसावे. चहा-नाश्त्यापलीकडे खर्च नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या मोहल्ल्यात हे प्रशिक्षण घेतलेली माणसे आधीच आहेत. त्या बचत गटातल्या बाया आहेत. माविम आणि उमेदच्या लोकांनी त्यांना पंचसूत्री शिकवली: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. ठराव लिहिणे, सूचक-अनुमोदक, बँकेचा ताळमेळ त्या वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. मी पाहिलेल्या काही प्रोसिडिंग बुकांत सर्वांत स्वच्छ अशाच एका गटाचे होते, आणि ते लिहिणाऱ्या खाला सातवी शिकलेल्या आहेत. त्यांच्याच गल्लीतल्या सोसायटीचा हिशेब दोन वर्षे लिहायचा राहिला होता. त्या सोसायटीच्या मीटिंगला त्यांना कधी बोलावणे गेले नाही. विश्वस्त बाई असू नये, असे कोणत्याही कायद्यात नाही.

दहावीच्या निकालानंतर पालक आमच्याकडे येतात. "मॅडम, मुलाला कशाला घालू?" डॉक्टर, इंजिनियर, आयटीआय, डीएड ही यादी सगळ्यांना पाठ असते. यंदा एका अब्बांपुढे मी बीएसडब्ल्यूचे नाव काढले. त्यांनी विचारले, "त्यात पगार असतो का?" असतो, म्हटले, संस्थांना असा माणूस पगारावर ठेवावा लागतो. ते जरा थांबले आणि म्हणाले, "आमच्या जमातीत तर सगळे फुकट करतात." मग आम्ही दोघांनी बसून हिशेब केला, की फुकट केलेल्या कामात गेल्या पाच वर्षांत त्यांच्या जमातीचे दंड, वकील आणि फेऱ्या मिळून किती गेले. आकडा मी इथे देत नाही, पण त्यात एका माणसाचा पगार निघाला असता.