अकरा वेळा आमदार : ॲड. गणपतराव देशमुख यांच्या कारकिर्दीचा अर्थ

सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात पावसाने पाठ फिरवली की पहिला प्रश्न टँकरचा असतो आणि दुसरा, आपला आमदार काय करतो, हा. आमदाराचे काम कोणत्या मापाने मोजावे, हे समजण्यासाठी आपल्यासारख्याच एका अवर्षणग्रस्त तालुक्याच्या, सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याच्या, प्रतिनिधीची कारकीर्द आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ॲड. गणपतराव देशमुख मूळचे मोहोळ तालुक्यातील पेनूरचे. पुण्यात शिक्षण घेत असताना ते शेतकरी कामगार पक्षाच्या विचारांकडे ओढले गेले. पुढे त्यांनी सांगोल्यात वकिली केली आणि १९६२ साली ते प्रथम विधानसभेवर निवडून गेले. १९७२ साली त्यांचा पराभव झाला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परतले. १९९५ साली अवघ्या १९२ मतांनी ते हरले. १९९९ साली पुन्हा विजयी झाले. २०१४ साली, वयाची पंच्याऐंशी ओलांडल्यावर, ते अकराव्यांदा निवडून आले. या काळात त्यांनी ना पक्ष बदलला, ना मतदारसंघ.

१९७८ व १९९९ साली ते मंत्री झाले खरे. परंतु त्यांचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. अशा आमदाराच्या हाती खाते नसते. प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरील भाषण आणि विधेयकाच्या कलमांना सुचविलेली दुरुस्ती, ही त्याची मुख्य साधने. कायद्याचे शिक्षण येथे उपयोगी पडते. कारण एखाद्या कलमातील एका शब्दाने गरिबाचा हक्क टिकतो किंवा जातो.

मात्र सभागृहातील भाषणाने चूल पेटत नाही, याची त्यांना जाणीव होती. सांगोला हा कापसाचा प्रदेश नव्हे. तरीही तेथे त्यांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली. कापूस बाहेरून आणावयाचा, सूत येथे काढावयाचे आणि मजुरी गावात राहू द्यावयाची, असा हा व्यवहार होता. तोट्यात बुडालेल्या अनेक सहकारी संस्थांच्या राज्यात ही गिरणी काटकसरीच्या कारभारासाठी ओळखली गेली.

पाण्याचा लढा याहून लांबला. १९९० च्या दशकात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडी येथे दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा सुरू झाल्या. गणपतराव त्यांत अग्रभागी होते. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून माणदेशाकडे नेणारी टेंभू योजना त्या मागणीला बळ देणारी ठरली. पण पाणी शिवारात पोहोचण्यास वर्षानुवर्षे लागली. अर्धशतकाची आमदारकीही एकट्याने पाणी आणू शकत नाही. त्यासाठी संघटित लोक लागतात, हेही यातून दिसते.

एस.टी.ने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांची ख्याती होती. २०१९ साली ते निवडणुकीपासून दूर राहिले आणि ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले.

अकरा हा आकडा मोठाच. पण त्याहून मोठी आहे ती दोन पराभवांनंतरची चिकाटी. ज्या मतदारांनी नाकारले, त्यांच्याच दारी ते त्याच झेंड्याखाली पुन्हा गेले. मत मागावयास येणाऱ्यास आपणही विचारावे : हरलात तर आमच्यात राहाल काय?