दोन राज्यांची कार्डे, रुग्ण मात्र एक

गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्याला हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयाच्या खिडकीपाशी आतेभावाने दोन कागद पुढे केले. एक कर्नाटकची पडितर चीटी, म्हणजे आपले बीपीएल रेशनकार्ड. दुसरा महाराष्ट्राच्या योजनेसाठी काढलेला दाखला. 'यातलं एकच सांगा,' खिडकीतला माणूस कन्नडमध्ये म्हणाला. भाऊ गोंधळला. त्याच्या मते पाच आणि पाच मिळून दहा लाखांची सोय झाली होती!

हा समज आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. 'आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक' योजना २०१८ पासून सुरू आहे. तीत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के, तेही दीड लाखापर्यंत. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली. कर्नाटक शासनाने त्याला आक्षेप घेतला. वाद दोन सरकारांचा, पण खिडकीपाशी ताटकळतो तो रुग्ण.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. एका उपचाराचे बिल एकाच योजनेतून भागते. रुग्णालय त्या योजनेशी संलग्न असावे लागते आणि उपचाराला तिची मंजुरी लागते. तेच बिल दोन्हीकडे लावणे ही फसवणूक ठरते. त्यामुळे चांगला डॉक्टर आधी विचारतो, घाई आहे की थांबता येईल? कर्नाटकच्या योजनेत खासगी रुग्णालयात जाण्यासाठी एरवी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. तातडीच्या वेळी ती लागत नाही. आत्याला थांबणे शक्य नव्हते. म्हणून पडितर चीटीच लावली. ठरवून करायची शस्त्रक्रिया असती, तर महाराष्ट्रातल्या संलग्न रुग्णालयाचाही विचार करता आला असता.

तरी तासभर गेलाच, नावापायी! आधारवर आत्या 'बाई', तर पडितर चीटीवर 'अव्वा'. आम्हाला दोन्ही हाका सारख्याच, संगणकाला मात्र त्या दोन बायका वाटल्या.

आत्या आता बरी आहे. पण तो तास आठवला की अजून धस्स होते. म्हणून वाचकहो, आज संध्याकाळीच घरातले सगळे कागद काढा. नावे, जन्मतारखा ताडून पाहा आणि चूक असेल तर आताच दुरुस्त करून घ्या. आजार आल्यावर त्याला वेळ मिळत नाही.