औषधी अळंबी आणि प्रतिकारशक्ती : दावे किती, पुरावे किती?

कोविडच्या साथीने २०२० साली देशाला ग्रासले होते आणि लस अद्याप हाती आलेली नव्हती, त्या दिवसांत हैदराबादमधून एक वेगळी बातमी आली. हबसिगुडा परिसरातील पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र, म्हणजेच सीसीएमबी, या संस्थेशी संलग्न असलेल्या अटल इन्क्युबेशन सेंटरने क्लोन डील्स आणि अँब्रोशिया फूड फार्म या दोन कंपन्यांशी सहकार्य केले होते. त्यातून कॉर्डिसेप्स नावाची अळंबी आणि हळदीतील कर्क्युमिन यांच्यापासून तोंडावाटे घ्यावयाचे द्रवरूप अन्नपूरक पुढे आले. ‘कोरॉफ’ असे त्याचे नाव. ते अन्नपूरक होते, औषध नव्हते. मात्र भीतीच्या त्या वातावरणात हा भेद किती जणांच्या लक्षात आला असेल, हा प्रश्नच आहे.

साथ ओसरली, पण औषधी अळंबीची बाजारपेठ ओसरली नाही. रेशी, कॉर्डिसेप्स, लायन्स मेन, टर्की टेल, चागा अशा नावांच्या कॅप्सूल, भुकट्या आणि कॉफी आज मोबाइलवरून मागवता येतात. त्यांच्या जाहिरातींत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे आवाहन हमखास असते. त्यामुळे या दाव्यामागे विज्ञान किती, तो कोठपर्यंत सिद्ध झाला आहे आणि कोणी सावध राहावे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

दाव्याचे मूळ कोठे आहे?

या दाव्याला आधारच नाही, असे म्हणता येणार नाही. अळंबी हा बुरशीचाच एक प्रकार. बुरशीच्या पेशींची भिंत ज्या घटकांची बनलेली असते, त्यांत बीटा-ग्लुकॅन नावाची बहुशर्करा प्रमुख असते. मानवी पेशींना अशी भिंत नसते. साहजिकच बीटा-ग्लुकॅन दिसले की शरीराची संरक्षक यंत्रणा ते परके म्हणून ओळखते. काही पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर ते ओळखणारा डेक्टिन-१ नावाचा ग्राहक असतो. बीटा-ग्लुकॅन ओळखण्यातील त्याची भूमिका २००१ साली स्पष्ट झाली. हा ग्राहक आणि बीटा-ग्लुकॅन एकत्र आले की पेशी सावध होतात आणि इतर पेशींना रासायनिक संदेश पाठवू लागतात.

जपानने या ज्ञानाचा वैद्यकात उपयोग करून पाहिला. शिताके अळंबीतून वेगळे काढलेले लेंटिनान जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीने इंजेक्शनद्वारे दिले गेले. टर्की टेल अळंबीपासून बनवलेले पीएसके हे औषधही तेथे कर्करोगाच्या पूरक उपचारांत दीर्घकाळ वापरात होते. तथापि ही शुद्ध केलेली, ठरावीक मात्रेची औषधे होती. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मुख्य उपचारांच्या सोबतीने दिली जात. शिताकेचे सूप किंवा अळंबीची भुकटी घेतल्याने तोच परिणाम होईल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

तीच बुरशी प्रतिकारशक्ती दाबूही शकते

जाहिरातींत न येणारी आणखी एक बाजू आहे. मूत्रपिंड किंवा यकृताच्या प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन हे औषध दिले जाते. ते प्रतिकारशक्ती दाबते आणि ते मिळाले एका बुरशीपासून. ही बुरशी कॉर्डिसेप्सची नातेवाईकच आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावर अमेरिकेत २०१० साली मंजूर झालेले फिंगोलिमॉड हे औषधही प्रतिकारयंत्रणेला आवरणारे आहे. त्याचा मूळ रेणू याच कुळाशी संबंधित, कीटकांवर वाढणाऱ्या एका बुरशीत सापडला. अर्थात, या बुरशींत अनेक प्रभावी रसायने आहेत, परंतु त्यांपैकी प्रत्येक रसायन प्रतिकारशक्ती ‘वाढवते’ असे नाही.

मुळात ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ ही कल्पनाच अपुरी आहे. प्रतिकारशक्ती ही भांड्यातील पाण्याप्रमाणे कमी-जास्त करता येणारी एकच वस्तू नाही. अनेक प्रकारच्या पेशी, प्रतिपिंडे आणि रासायनिक संदेश यांच्या समतोलावर ती चालते. हा समतोल बिघडून यंत्रणा अतिउत्साही झाली तर ॲलर्जी, संधिवाताभ, ल्युपस यांसारखे आजार जडतात. कोविडनेही हाच धडा दिला. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीतून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे प्राणवायूची गरज भासणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात, असे दिसून आले. हे औषध प्रतिकारयंत्रणेची अतिरेकी प्रतिक्रिया शमवते. ज्या वर्षी सर्वत्र प्रतिकारशक्ती वाढवण्याची चर्चा होती, त्याच वर्षी अनेक गंभीर रुग्णांचे प्राण ती आवरल्यामुळे वाचले.

परीक्षानळीपासून माणसापर्यंत

एखादा पदार्थ प्रयोगशाळेत विषाणूला रोखतो, ही पहिली पायरी असते. त्यानंतर प्राण्यांवरील प्रयोग येतात आणि शेवटी माणसांवरील नियंत्रित चाचण्या. बहुतेक औषधी अळंब्यांचे पुरावे पहिल्या दोन पायऱ्यांवरच अधिक आहेत. कॉर्डिसेप्समधील कॉर्डिसेपिन हा रेणू परीक्षानळीत प्रभावी ठरतो, पण शरीरात गेल्यावर तेथील एक विकर त्याचे झपाट्याने विघटन करते. रेशीच्या कर्करोगातील उपयोगाचा आढावा कोक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी घेतला. रेशी हा कर्करोगावरील मुख्य उपचार म्हणून वापरण्यास पुरेसा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पूरक म्हणून काही रुग्णांना तिचा लाभ होण्याची शक्यता त्यांनी नाकारली नाही, मात्र उपलब्ध चाचण्यांचा दर्जा उणा असल्याचे नोंदवले.

वेष्टनावर काय वाचावे?

भारतात अशी उत्पादने प्रामुख्याने अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजेच एफएसएसएआयच्या, नियमांखाली अन्नपूरक म्हणून विकली जातात. ती औषधी उपयोगासाठी नाहीत, अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. जाहिरातीतील मोठ्या अक्षरांपेक्षा ही छोटी सूचना ग्राहकाला अधिक काही सांगते. औषधाला बाजारात येण्यापूर्वी परिणामकारकता सिद्ध करणाऱ्या ज्या चाचण्यांतून जावे लागते, त्या चाचण्यांतून अन्नपूरक गेलेले असतेच असे नाही.

दर्जाचा प्रश्न वेगळाच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ उत्पादनांची तपासणी करणारा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी केवळ ५ उत्पादने वेष्टनावरील माहितीशी जुळली. त्यामुळे खरेदी करावयाचीच असेल, तर काही गोष्टी पडताळाव्यात. अळंबीचे शास्त्रीय नाव आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक दिलेला आहे का, हे पाहावे. उत्पादन अळंबीच्या फळापासून केले आहे की धान्यावर वाढवलेल्या कवकजालापासून, हेही तपासावे. दुसऱ्या प्रकारात धान्यातील पिष्टमय पदार्थ मिसळलेले असू शकतात. केवळ ‘पॉलिसॅकराइड’चे प्रमाण दिले असेल, तर त्यात हे पिष्टही मोजले गेलेले असू शकते. म्हणून बीटा-ग्लुकॅनचे प्रमाण स्वतंत्रपणे दिलेले असणे महत्त्वाचे.

कोणी सावध राहावे?

अवयव प्रत्यारोपण झालेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांनी अशी उत्पादने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. संधिवाताभ किंवा ल्युपससारखे आजार असलेल्यांनाही हे लागू होते. रेशी रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करू शकते, म्हणून रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी ती टाळावी. रेशीच्या भुकटीनंतर यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. चागामध्ये ऑक्झलेटचे प्रमाण मोठे असते. तिच्या दीर्घ सेवनानंतर मूत्रपिंडे निकामी झाल्याच्याही नोंदी आहेत. कर्करोगाचे उपचार सुरू असलेल्यांनी तर कोणतेही पूरक सुरू करण्यापूर्वी आपल्या तज्ज्ञांना सांगणे अत्यावश्यक आहे. ‘नैसर्गिकच आहे’ या समजुतीतून अनेक रुग्ण ही गोष्ट डॉक्टरांना सांगतच नाहीत आणि खरा धोका तेथूनच सुरू होतो.

ताटातील अळंबी

सीसीएमबीपासून जवळच, तार्नाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. मे २०२४ मध्ये तिने भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रथिनांच्या पूरक भुकट्यांबाबत त्यांत सावधगिरीचा इशारा आहे आणि भर आहे तो विविधतापूर्ण आहारावर. २००० कॅलरींच्या दैनंदिन आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे ही संस्था सुचवते.

अळंबीला या ताटात निश्चितच स्थान आहे. बटण किंवा धिंगरी अळंबीतून प्रथिने, तंतुमय पदार्थ आणि ब गटातील जीवनसत्त्वे मिळतात, आणि बीटा-ग्लुकॅनही मिळते. अळंबीतील एर्गोस्टेरॉल या घटकाचे सूर्यप्रकाशात ड-२ जीवनसत्त्वात रूपांतर होते. त्यामुळे चिरलेली अळंबी शिजवण्यापूर्वी काही वेळ दुपारच्या उन्हात ठेवणे उपयुक्त ठरते. अळंबी नेहमी पूर्ण शिजवून खावी. अर्धकच्च्या शिताकेमुळे काही जणांच्या अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखे पुरळ येते.

गोव्याला अळमीचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानटी अळमी येथील घराघरांत चवीने खाल्ली जाते. परंतु रानातील खाद्य आणि विषारी अळमी यांतील फरक जाणकारांनाच कळतो. औषधी गुणांच्या आशेने अनोळखी अळमी तोडून आणणे जिवावर बेतू शकते.

अळंबी आहार म्हणून आनंदाने खावी. पूरक म्हणून घ्यावयाची असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि तिच्या भरवशावर लसीकरण टाळू नये किंवा सुरू असलेले उपचार थांबवू नयेत. प्रतिकारशक्ती सुस्थितीत राहण्यासाठी पुरेशी झोप, संतुलित आहार, नियमित व्यायाम, तंबाखू व मद्यापासून दूर राहणे आणि वेळेवर घेतलेल्या लसी यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. त्यांची जागा घेऊ शकेल अशी कॅप्सूल आजमितीस तरी उपलब्ध नाही.