विश्लेषण : ‘याला इंग्रजी जमणार नाही’ हा शिक्षकांचा अंदाज कितपत खरा?

यंत्रमागांच्या भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक भाषा बोलणारी कुटुंबे राहतात. यातल्या बहुतेक घरांत इंग्रजी ही परकीच भाषा. ती कोणत्या मुलाला ‘जमेल’ हे शिक्षक कशावरून ठरवतात आणि त्याचा परिणाम काय होतो?

पहिलीपासून शिकूनही अडचण का?

राज्यात २००० पासून सर्व माध्यमांत इंग्रजी पहिलीपासून आहे. पण अनेक मुलांच्या कानावर ती तासापुरतीच पडते. उर्दू माध्यमातल्या मुलाला तर तीन लिप्या सांभाळाव्या लागतात. त्यातली उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची, तर देवनागरी आणि रोमन डावीकडून उजवीकडे.

चुका म्हणजे क्षमता कमी?

तसे नाही. मराठी, उर्दू, तेलुगूत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यानंतर. ‘द’सारखे उपपद या भाषांत नाही. त्यामुळे ते गाळणे किंवा ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होणे ही घरच्या भाषेची छाप आहे.

बोलतो, पण लिहीत नाही; म्हणजे आळशी?

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात. तीही आजूबाजूला ती भाषा बोलली जात असेल तर.

शिक्षकांच्या मताने काय बिघडते?

अमेरिकेत रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी एका शाळेतली सुमारे २० टक्के मुले कोणताही निकष न लावता निवडली आणि ‘ही यंदा झेप घेतील’ असे शिक्षकांना सांगितले. पहिली-दुसरीतल्या अशा मुलांची बुद्ध्यांकवाढ इतरांहून जास्त दिसली. १९६८ च्या या निष्कर्षावर पुढे टीका झाली. अपेक्षांचा परिणाम असतो, पण तेव्हा वाटला त्याहून कमी, असे आज मानले जाते. धोका मात्र नेहमीचा आहे. ‘कच्चा’ ठरलेल्या मुलाला प्रश्न कमी विचारले जातात, सराव घटतो आणि अंदाज खरा ठरतो.

उपाय काय?

मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवले, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. ही वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरे लांबतात आणि गप्प मुलेही बोलू लागतात. मुलाला आधी घरच्या भाषेत उत्तर सांगू देणे, बोलणे आणि लिहिणे वेगवेगळे तपासणे, हेही वर्गात करता येते. पालकांनीही ‘इंग्रजीत कच्चा’ हा शेरा ऐकून न थांबता ‘नेमके कशात?’ हे विचारावे.