विश्लेषण : पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिनच... लिनक्स संगणक नेमका कुठे अडतो?

पासवर्ड अचूक टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा लॉगिनचेच पान समोर आले. उबंटू, मिंट अशा लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतो. अशा वेळी 'फॉरमॅट मारा' हा सल्ला सर्रास दिला जातो. मात्र बहुतेक वेळा फाइल्स सुरक्षित असतात, बंद पडलेला असतो तो फक्त डेस्कटॉप.

वाशिमकरांचा याच्याशी संबंध काय?

ई-कोर्ट्स प्रकल्पात जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबंटू लिनक्स स्वीकारण्यात आली. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी 'सीआयएस' प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) पुणे केंद्राने विकसित केली. शिवाय परवाना शुल्क नसल्याने घरचे जुने संगणकही लिनक्सवर चालवले जातात. मात्र मालेगाव, मानोरा अशा तालुक्याच्या गावी लिनक्स जाणणारा दुरुस्तीवाला मिळेलच असे नाही. त्यामुळे प्राथमिक तपासणी स्वतःला येणे उपयोगाचे.

नेमके काय घडते?

लॉगिन स्वीकारणारा प्रोग्राम वेगळा आणि डेस्कटॉप दाखवणारा वेगळा. पहिल्याने पासवर्ड मान्य केला, पण दुसरा सुरू होताच कोसळला, तर वापरकर्ता पुन्हा दारात येतो. चुकीच्या पासवर्डची सूचना न येता पान परतले, तर दोष पासवर्डात नाही असे समजावे.

सुरुवात कुठून करावी?

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. काळ्या पडद्यावर नाव व पासवर्ड विचारला जातो. पासवर्ड टाइप करताना अक्षरे दिसत नाहीत, हे नेहमीचेच. इथे प्रवेश मिळाला, तर मूळ यंत्रणा चालू आहे.

मग 'डीएफ' ही आज्ञा देऊन डिस्कवरील जागा पाहावी. मुख्य विभाग १०० टक्के भरला असेल, तर डेस्कटॉपला तात्पुरत्या फाइल्स लिहिता येत नाहीत आणि तो बंद पडतो. 'सुडो एपीटी क्लीन' या आज्ञेने डाउनलोड झालेली जुनी पॅकेजेस निघून जागा मोकळी होते. वैयक्तिक फाइल्सना धक्का लागत नाही.

जागा असूनही अडले तर?

नवे खाते तयार करून त्यातून लॉगिन करावे. ते उघडले, तर बिघाड जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. अपडेटनंतर न जुळणारे एक्स्टेन्शन हे नेहमीचे कारण. मिंट, झुबंटूमध्ये 'डॉट एक्सऑथॉरिटी' या लपलेल्या फाइलची मालकी चुकून रूटकडे गेल्यासही असेच होते. फाइल पुसण्याऐवजी तिचे नाव बदलावे, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते.

नवे खातेही उघडले नाही, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. संगणक सुरू होताना 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडून पाहावा. उबंटू २२.०४ किंवा २४.०४ मध्ये लॉगिन पानावरील चाकाच्या चिन्हातून 'उबंटू ऑन झॉर्ग' हा पर्यायही मिळतो. २५.१० पासून तो काढला आहे. 'जर्नलसीटीएल' या आज्ञेत बिघाडाची नोंद सापडते. तिचा फोटो काढून ठेवल्यास जाणकाराचे काम सोपे होते.

काम वाया जाते का?

जतन केलेले काम जात नाही. वेलँडवर मात्र जीनोम शेल कोसळले की उघडे प्रोग्रामही बंद होतात, त्यामुळे न जतन केलेला मजकूर गमवावा लागू शकतो.

फॉरमॅट केव्हा?

सर्वात शेवटी. त्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून फाइल्स बाहेर काढाव्यात. डिस्क एन्क्रिप्ट असेल, तर तिचा पासवर्ड लागतो. कार्यालयीन संगणकावर मात्र यापैकी काहीही न करता सिस्टीम अधिकाऱ्याला कळवणेच योग्य.