'ठेवणे' : राहत्या घरातील शस्त्रविक्री आणि परवान्याची भाषा

कायद्याच्या भाषेचा अभ्यास आपल्याकडे बहुधा परिभाषाकोशाच्या वाटेने झालेला आहे. एका इंग्रजी शब्दासाठी एक मराठी शब्द निश्चित केला की काम संपले, अशी समजूत त्यामागे दिसते. परंतु सामान्य मनुष्य अर्ज भरावयास बसतो तेव्हा त्याची अडचण नामांपाशी येत नाही. ती क्रियापदांपाशी येते. प्रस्तुत लेखात अशाच एका क्रियापदाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी घेतलेले उदाहरण काहीसे अनपेक्षित वाटेल : राहत्या घरी परवाना काढून बंदुकांच्या विक्रीचा धंदा सुरू करणे.

कल्पना अशी करू की, भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडी या गावी एक गृहस्थ राहतात. गाव जुने, तेथील किल्ल्यास सहानगड असेही म्हणतात. भोवताली धानाची शेते व पुढे जंगल. रानडुकरांच्या उपद्रवामुळे पिकांच्या राखणीसाठी बंदूक असावी असे शेतकऱ्यास वाटते. काही घरांत वाडवडिलांच्या वेळची भरमारही असते. 'भरमार' म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरून मारावयाची बंदूक. शब्दातच तिची कृती आली आहे. या गृहस्थांना वाटते की, घराची पुढची खोली रिकामीच आहे, तेथे बंदुका व काडतुसे विक्रीस ठेवावी. त्यांना बेकायदेशीर काहीही करावयाचे नाही. त्यांचा प्रश्न साधा आहे : "बंदूक ठेवण्याचा परवाना माझ्याकडे आहेच, आता विकायला ठेवायच्या तर आणखी काय लागेल?"

या प्रश्नात 'ठेवणे' दोनदा आले आहे आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एक नाही. मराठीत हे क्रियापद फार ऐसपैस आहे. स्वतःची वस्तू स्वतःजवळ असणे हे ठेवणे. ती विक्रीसाठी मांडणे हेही ठेवणे. आणि दुसऱ्याची वस्तू विश्वासाने सांभाळणे हेही ठेवणेच. या तिसऱ्या अर्थावरूनच 'ठेव' हे नाम आले. बोलताना संदर्भाने निभावते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात मात्र हे तीन अर्थ तीन निरनिराळ्या कलमांत विभागले गेले आहेत.

पहिला अर्थ कलम ३ चा. अग्निशस्त्र संपादन करणे, कबजात असणे अथवा बाळगून फिरणे यांस परवाना लागतो. दुसरा अर्थ कलम ५ चा, आणि त्या कलमाची रचना भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. तेथे 'व्यापार' असा एकच व्यापक शब्द योजून विषय संपविलेला नाही. तयार करणे, विकणे, हस्तांतरित करणे, रूपांतर करणे, दुरुस्त करणे, परीक्षा करणे अशी क्रियापदांची माळ आहे. आणि तिच्या पाठोपाठ, यांपैकी एखाद्या हेतूने वस्तू कबजात असणे हाही स्वतंत्र प्रकार सांगितला आहे. म्हणजे एकही बंदूक विकली गेली नसली, तरी ती 'विक्रीसाठी' घरात असणे एवढ्याने कलम ५ लागू होते. आपण 'व्यापार' म्हणतो तेव्हा देवघेव डोळ्यांपुढे असते; कायद्याच्या डोळ्यांपुढे हेतू असतो. त्याच माळेत दुरुस्तीही असल्यामुळे अंगणातल्या भात्यावर शेजाऱ्याच्या भरमारीचा घोडा नीट करून देणारा लोहार आणि शहरातील पेढीवाला हे एकाच कलमाखाली येतात. लोहार स्वतःस व्यापारी म्हणवीत नाही. पण त्याचा या प्रश्नाशी काही संबंध नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ३ मोडून साधे अग्निशस्त्र विनापरवाना कबजात असल्यास किमान २ व कमाल ५ वर्षे कारावास आहे. कलम ५ मोडून विक्री केल्यास अथवा विक्रीसाठी कबजात ठेवल्यास किमान ७ वर्षे, आणि कमाल मर्यादा जन्मठेपेची. या दोहोंमध्ये अंतर आहे ते 'साठी' या एका शब्दयोगी अव्ययाचे.

स्वतःची एखादी बंदूक विकणे हा मात्र धंदा नव्हे आणि कायदाही तसे मानीत नाही. परवान्याने मिळविलेले शस्त्र दुसऱ्या हक्कदार परवानाधारकास विकावयाचे असल्यास जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदारास लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. आपल्या गृहस्थांची पूर्वीची एखादी विक्री या मार्गाने झाली असेल. म्हणून पुढच्या चार विक्रीही तशाच होतील, असे मात्र नाही.

याच अधिनियमाच्या व्याख्याकलमात व्याकरण चक्क शब्दशः आले आहे. 'हस्तांतर' या शब्दात, त्याच्या व्याकरणिक रूपभेदांसह व सजातीय शब्दप्रयोगांसह, भाड्याने देणे, उसने देणे, भेट देणे आणि कबजा सोडणे यांचा समावेश होतो, असे तेथे सांगितले आहे. विधिज्ञ या शब्दांवरून सहज पुढे जातात. आपण थांबले पाहिजे. मराठी मनुष्य 'हस्तांतर' हा शब्द ऐकतो तेव्हा त्यास सातबारा, खरेदीखत, मुद्रांक आठवतो. शेजारी रात्रीच्या जागलीसाठी बंदूक मागून नेतो, यास तो हस्तांतर म्हणत नाही. 'नेली होती, आणून देईल' असे म्हणतो. वास्तविक शब्दाची फोड केली तर 'एका हातातून दुसऱ्या हातात' एवढाच अर्थ आहे, आणि कायद्यास नेमका तोच अभिप्रेत आहे. आपल्या प्रशासकीय वापराने हा संस्कृत शब्द इतका जड करून ठेवला की त्याचा मूळचा हलका अर्थच लोकांस परका झाला. विक्रेत्याने ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. ओळखीच्या गिऱ्हाइकास 'दोन दिवस वापरून पाहा' म्हणून बंदूक देणे ही किराणा दुकानातील सवलत झाली. येथे तो परवान्याचा भंग आहे.

'कबजा' या शब्दाऐवजी आपण शस्त्राच्या संदर्भात 'बाळगणे' हे क्रियापद योजतो. ते मला अधिक नेमके वाटते. मराठीत भीती बाळगतात, अभिमान बाळगतात, सावधगिरी बाळगतात. म्हणजे या क्रियापदात मनाचा सहभाग गृहीत आहे. नकळत कोणी काही बाळगीत नाही. गुणवंतलाल विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या १९७२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्राच्या कबजाविषयी हेच तत्त्व मांडले : कबजात जाणीव हवी; आणि वस्तू प्रत्यक्ष हातात नसली तरी तिच्यावर सत्ता व नियंत्रण असल्यास तो कबजाच होय. इंग्रजीत ज्यासाठी 'जाणीवपूर्वक' असे विशेषण जोडावे लागते, ते आपल्या क्रियापदाच्या पोटात आहे. झाडीपट्टीत 'ळ' चा 'र' व 'ण' चा 'न' होतो. डोळा तेथे डोरा आणि पाणी तेथे पानी. उच्चार पालटतो म्हणून शब्दाच्या अर्थास काही बाध येत नाही. तरी नित्याच्या बोलण्यात क्रियापद येते ते 'ठेवणे' हेच, आणि त्यात जाणिवेचा हा अंश नाही.

आता घराकडे वळू, कारण खरी अडचण तेथे आहे.

मराठीत 'घर' म्हणजे इमारत, आणि 'घर' म्हणजे माणसेही. 'त्यांचे घर मोठे आहे' या वाक्याचा अर्थ ओसरीवरून ठरतो की पंगतीवरून, हे संदर्भावाचून सांगता येत नाही. परवाना मात्र या शब्दाच्या दोन्ही अर्थांना आवर घालतो. इमारतीच्या अर्थाने पाहिले तर तो एका निश्चित जागेशी बांधलेला असतो. त्या जागेबाहेर विक्री नाही, आणि जागा बदलावयाची तर पुन्हा अनुज्ञा हवी. 'घरून धंदा करतो' या वाक्यातील पंचमी येथे उपयोगी पडत नाही. अधिकाऱ्यास सप्तमी हवी असते. कोणत्या खोलीत, कोणत्या कपाटात, कोणत्या कुलपात? विक्रेत्याचा साठा व नोंदवह्या अधिकाऱ्यांच्या तपासणीस खुल्या असाव्या लागतात. पुढची खोली दुकान झाली की तेवढ्यापुरती ती घराची खोली राहत नाही.

माणसांच्या अर्थाने पाहिले तर प्रकरण अधिक नाजूक आहे. आपल्या गावांतील लहान दुकान कोणी एक मनुष्य चालवीत नाही, घर चालविते. मालक साकोलीच्या बाजारास गेला, की पत्नी गल्ल्यावर बसते. ती कामात असली, की शाळेतून आलेला मुलगा साखर तोलून देतो. शस्त्रविक्रीचा परवाना कुटुंबास मिळत नाही. तो परवानाधारकास आणि त्याने रीतसर नेमून नोंदविलेल्या प्रतिनिधीस मिळतो. त्यांच्या अनुपस्थितीत पत्नीने कपाट उघडून ओळखीच्या शेतकऱ्यास काडतुसांची एक पेटी दिली, पैसे घेतले, नवरा आल्यावर वहीत लिहू असे म्हटले, तर तिच्या दृष्टीने तिने दुकान सांभाळले. कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना व्यक्तीने दारूगोळा विकला. मुलाचे वय २१ वर्षांहून कमी असेल तर त्यास अग्निशस्त्र बाळगण्याचीच मनाई आहे, मग ते विकण्याची गोष्ट दूर. घरातल्या घरात शस्त्रविक्री करू पाहणाऱ्याने परवान्याच्या अर्जाआधी कपाटाची किल्ली कोणाकडे राहील याचा निर्णय करावा, असे मी म्हणेन. भाषेच्या अध्यापकाने असा व्यावहारिक सल्ला देणे कोणास विचित्र वाटेल. पण या ठिकाणी अर्थनिर्णय आणि किल्ली यांत फरक उरत नाही.

घर आणि दुकान यांचा हा संकर आपल्यापुरताच मर्यादित नाही. अमेरिकेत घरच्या जेवणाच्या मेजावरून बंदुका विकणाऱ्या परवानाधारकांचा एक मोठा वर्ग होता. १९९२ च्या सुमारास तेथील परवान्यांची संख्या २ लाख ८० हजारांच्या वर होती. १९९३-९४ च्या कायद्यांनी शुल्क वाढविले, बोटांचे ठसे व छायाचित्र आवश्यक केले आणि स्थानिक नगररचनेच्या नियमांशी जागा सुसंगत असल्याची अट घातली. ते दशक संपेतो संख्या सुमारे १ लाखावर आली. तेथेही वादाचे मूळ एका वाक्यखंडात होते : 'धंद्यात गुंतलेला' म्हणजे कोण? १९८६ च्या व्याख्येत उपजीविका आणि नफा हे दोन्ही उद्देश होते. २०२२ मध्ये उपजीविकेचा उल्लेख गळला आणि मुख्यत्वे नफा मिळविण्याचा उद्देश एवढीच कसोटी राहिली. दोन नामांतील एक कमी झाल्याने किती माणसे कायद्याच्या कक्षेत आली असतील, हे वाचकांनी मनाशी ताडून पाहावे.

कार्यपद्धतीविषयी थोडक्यात. अर्जावर पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. केवळ अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणास्तव परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. लहान घरातून धंदा करू पाहणाऱ्यास हे वाक्य धीर देणारे आहे. नकार दिल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात व त्यावर अपील चालते. सानगडीच्या बाबतीत आणखी एक कायदा आड येऊ शकतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिघात शस्त्र अधिनियमाखालील नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून देता येत नाही, आणि हाच नियम राष्ट्रीय उद्यानासही लागू आहे. साकोलीच्या आसमंतात एका अंगास नागझिरा आणि दुसऱ्या अंगास नवेगाव आहे. म्हणून अर्जदाराने आपली खोली नकाशावर मोजून पाहावी हे बरे.

सुट्या दारूची विक्री हा वेगळाच विषय. ती १८८४ च्या स्फोटक अधिनियमाखाली येते आणि त्याची मध्यवर्ती यंत्रणा नागपूर येथे आहे. भंडाऱ्याजवळील जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात ८ कामगार मृत्युमुखी पडले. तेथे प्रशिक्षित माणसे होती, बंदोबस्त होता. राहत्या घरात, स्वयंपाकघरापासून एका भिंतीच्या अंतरावर, दारू साठविण्याची कल्पनाही कोणी करू नये.

धंदा म्हणून हे कितपत चालेल? २०१९ पासून एका व्यक्तीस ३ ऐवजी २ अग्निशस्त्रे बाळगता येतात. परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षे झाली. गिऱ्हाईक परवानाधारकच असावयास हवे, त्याच्या परवान्यात काडतुसांची संख्या नमूद असते, आणि प्रत्येक विक्रीची नोंद दोन्हीकडे करावी लागते. तालुक्याच्या गावात अशी गिऱ्हाइके मोजकीच असणार. नव्या मालाच्या विक्रीवर एक घर चालेल, असे मला वाटत नाही.

येथे 'ठेवणे' चा तिसरा अर्थ पुढे येतो. परवाना संपला, रद्द झाला, अथवा परवानाधारक वारला, की त्याच्या शस्त्राचा कबजा कायदेशीर राहत नाही. कलम २१ अन्वये ते नजीकच्या पोलीस ठाण्यात, किंवा नियमांनी घातलेल्या अटींच्या अधीन राहून, परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. ठरावीक मुदतीत वारसाने स्वतःचा परवाना मिळविला तर ते परत मिळते, अथवा हक्कदार माणसास विकता येते. मुदत उलटल्यास ते सरकारजमा होऊ शकते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी भरमार बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. पण तो परवाना ज्याच्या नावाचा त्याच्यापुरता असतो. वडील गेले, बंदूक खुंटीवर तशीच राहिली, मुलगा म्हणतो 'बाबांची आहे, ठेवली आहे'. हे वाक्य मराठी म्हणून निर्दोष आहे, आणि तेच त्यास न्यायालयात नेऊ शकते. अशा वारसाला तालुक्याच्या ठाण्यापर्यंत जाण्याचा संकोच वाटतो. गावातल्याच विश्वासू विक्रेत्याकडे, पावती घेऊन, ती बंदूक ठेवण्यास तो कदाचित् तयार होईल. आपल्या गृहस्थांच्या पुढच्या खोलीचा खरा उपयोग असला तर तो येथे आहे.

मात्र त्या पावतीवर आणि नोंदवहीत कोणते क्रियापद लिहावयाचे? 'ठेवली' लिहिल्यास विक्रीस की सांभाळण्यास, हे तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास कळणार नाही, आणि दहा वर्षांनी वारसालाही नाही. माझी सूचना अशी की, नोंदवहीत तीन निरनिराळे रकाने असावेत : 'स्वतःच्या वापरासाठी', 'विक्रीसाठी' आणि 'अमुकाची ठेव, अमुक तारखेपर्यंत'. तिसऱ्या रकान्यात तारीख लिहिल्यावाचून बंदूक कपाटात जाऊ नये.